आधी पाणी, मग नाव

दिवाळीनंतरचा पहिला गुरुवार : उल्हासनगरच्या माठवाल्या बराकीचे दादा टेकचंद यांचे राहत्या घरी वृद्धापकाळाने निधन झाले. या घटनेस कोणीही जबाबदार नाही.

मकरसंक्रांतीचा आदला दिवस : बराकीच्या ओट्यावरचे दोन माठ तिवईसह उचलून मागच्या खोलीत ठेवण्यात आले. जबाबदार : बराक जतन समितीचे कार्यवाह.

होळीचा आठवडा : ओट्याला लोखंडी जाळी बसली आणि जाळीला कुलूप. जबाबदार : तेच कार्यवाह. ठेकेदाराने सांगितले तेवढे काम केले, त्याला मी दोष देत नाही.

चेटीचंड, म्हणजे सिंधी बांधवांचा नववर्षाचा दिवस : बराक 'वारसा वास्तू' म्हणून सर्वांसाठी खुली झाल्याचा समारंभ झाला आणि त्याच मांडवात जाळीवर फलक लागला, 'अभ्यागतांनी नाव, पत्ता व ओळखपत्राची नोंद केल्याशिवाय आत येऊ नये.' जबाबदार : समितीचे विधी सल्लागार.

वैशाखातला एक मंगळवार, दुपार : एका तहानलेल्या बाईला त्या ओट्यावरून परत पाठवण्यात आले. जबाबदार : वरील दोघेही. साक्षीदार : मी.

नावे लिहीत नाही, पदे लिहितो. ज्यांचे त्यांना कळेल. परंतु दादा टेकचंद ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ही जंत्री म्हणजे एका निवृत्त माणसाचा रिकामपणाचा उद्योग वाटेल, याची मला जाणीव आहे. म्हणून आरोपपत्र तूर्त बाजूला ठेवतो आणि आधी माणूस सांगतो.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत जागा मिळाली, तेव्हा टेकचंद दहा-बारा वर्षांचे असावेत. नक्की वय त्यांनाही माहीत नव्हते. 'जन्माचा दाखला तिकडे राहिला, मी इकडे आलो,' असे ते सांगत. छावणीतल्या लांबच लांब बराकी मध्ये भिंती घालून कुटुंबांना वाटून दिल्या होत्या. त्यांच्या वाट्याला एका बराकीचे टोक आले : दोन खोल्या, वर कौले, जाड भिंती आणि रस्त्याच्या बाजूला रुंद ओटा. सैनिकांच्या खाटांचे काळ्या रंगातले क्रमांक भिंतींवर तसेच होते. आजूबाजूच्यांनी चुना मारून ते पुसले, टेकचंदांनी कधीच पुसू दिले नाहीत. दर दिवाळीला भिंत रंगवताना क्रमांकांभोवतीने कुंचला फिरे. का, असे विचारले तर म्हणत, "फौजी गेला, नंबर राहिला. आता त्या बिचाऱ्याचा दुसरा काय आहे इथे?"

त्यांची मराठी अशी होती. लिंग, वचन, विभक्ती यांच्याशी त्यांचे कायमचे भांडण. घर 'माझा' असे, चहा 'गरम आहे ती' असे. सिंधी, हिंदी आणि बाजारातली मराठी यांची त्यांनी स्वतःपुरती एक भाषा बनवली होती आणि ती ते मोठ्या आत्मविश्वासाने बोलत. मात्र एका शब्दाचा त्यांना अभिमान होता. सिंधीत पाण्याला पाणीच म्हणतात, आपल्यासारखाच 'ण' लावून. माझ्यासारखा मराठी माणूस भेटला की हे ते न चुकता सांगत. "हिंदीवाला बोलतो पानी. पंजाबीवाला पण जोर नाही लावत. तुम्ही आणि आम्ही, दोघेच बोलतो पाणी. साईं, हा 'ण' आपला भाईबंद आहे." भाषाशास्त्र्यांनी यावर काय ते म्हणावे, मला त्या वाक्याची दुरुस्ती करण्याची इच्छा कधी झाली नाही.

त्या 'ण'चे दोन माठ ओट्यावर असत. उन्हातून येणारा कोणीही पायरीशी थांबला की आतून आवाज येई, "अचो साईं, वेहो." म्हणजे या साहेब, बसा. त्यामागून पितळी ग्लास येई, ग्लासावर झाकणासारखा ठेवलेला भाजलेला पापड. पाहुण्याला पाणी-पापड देण्याची रीत सगळ्याच सिंधी घरांत आहे, त्यात नवल नाही. नवल पुढे होते. तुम्ही पाणी पिऊन ग्लास खाली ठेवीपर्यंत टेकचंद तुम्हाला एक अक्षर विचारत नसत. कोण, कुठले, कोणाकडे आलात, काही नाही. कोणी आपण होऊन सांगू लागला तर हात वर करून थांबवत. "आधी पाणी, मग नाव. नाव कुठे पळून जातो?"

पाण्याआधी काही विचारत नसत, हे खरे. पण पाण्यानंतर विचारायचे काही शिल्लकही ठेवत नसत. नाव झाले की गाव, मग वडील काय करतात, पगार किती, भाडे किती, लग्न झाले का, नसेल तर का नाही. रेशनकार्डावर नाव चढवायला निघालेला आणि वाटेत पाण्यासाठी थांबलेला एखादा बिचारा तासाभराने स्वतःच्या आजोळची वंशावळ सांगून उठे. त्यांच्या पत्नीला, आम्ही त्यांना भाभी म्हणत असू, या चौकशीचा वैताग होता. पाण्याचा त्याहून जास्त. त्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसे. घरातल्यांची आंघोळ पुढे ढकलली जाई, ओट्यावरचे माठ मात्र काठोकाठ. भाभी आतून म्हणत, "नहाना छोड़ दो सब लोग, दुनिया को पिलाओ." टेकचंद बाहेरून म्हणत, "आंघोळ उद्या होते. तहान उद्या नाही होत."

व्यवसायाने ते कापडवाले. बाजारात कटपीसचे छोटे दुकान होते आणि तिथे हा उदार मनुष्य बोटभर कापडासाठी अर्धा तास वाद घाली. दुकानातला टेकचंद आणि ओट्यावरचा टेकचंद ही दोन वेगळी माणसे असावीत, असा संशय मला शाळकरी वयात होता. एकदा गजाची पट्टी झिजलेली आहे, सबब कापड कमी भरते, असे मी त्यांना भर दुकानात सुनावले. वय वर्षे बारा-तेरा. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली, शेजारच्या दुकानातून दुसरी आणवली, दोन्ही लावून दाखवल्या. पट्टी बरोबर होती. त्या दिवसापासून त्यांनी माझे नाव 'कायदासाहेब' ठेवले. पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात मी कामगार कायद्याच्या विभागात लागलो, तेव्हा आपण ठेवलेले नाव फळले म्हणून त्यांनी बाजारात पेढे वाटले. निवृत्तीनंतर मी बदलापूरला, शिरगावात राहायला गेलो, तरी पंधरवड्यातून एकदा ओट्यावर जात असे. "आओ कायदासाहेब," म्हणत. पण तेही पाण्यानंतर.

या नियमाला त्यांनी अपवाद केल्याचे मी पाहिलेले नाही. एका निवडणुकीत उमेदवार लवाजम्यासह ओट्यावर आले. त्यांचा चेहरा समोरच्या भिंतीवर, खांबावर आणि रिक्षांच्या पाठीवर होता. सगळ्यांना पाणी झाले, पापड झाले. उमेदवार हात जोडून उभे. टेकचंदांनी ग्लास गोळा केले आणि अत्यंत आदराने विचारले, "आपलं नाव काय साईं?" कार्यकर्ते हसू दाबत राहिले. दादांचा हेतू टोमणा मारण्याचा नव्हता. नाव विचारण्याची वेळ आता झाली होती, एवढेच.

हा हट्ट कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही पापड मोडता मोडता, विशेष काही नसल्यासारखे. छावणीत आल्या दिवशी आईने त्यांना भांडे देऊन नळावर पाठवले. नळावर एक माणूस होता, तो प्रत्येकाला बराकीचा नंबर विचारून पाणी देत होता. "मला नंबर माहीत नव्हता. मी बोललो, मेरा नाम टेकू. तो बोलला, नाव नको, नंबर सांग. मी बोललो, टेकू, बाबाचा नाव पण सांगितला. तो बोलला, बाजूला हो." रिकामे भांडे घेऊन ते परत गेले. आईने शेजारणीकडून अर्धा लोटा मागून आणला. मी विचारले, त्या माणसाचा राग आला असेल. ते म्हणाले, "त्याच्या मागे किती लोक होते. त्याला पण कोणीतरी सांगितला असेल नंबर विचार. माझा राग नाही. पण माझ्या दरवाज्यात मी कशाला विचारू?"

हळूहळू आजूबाजूच्या बराकी गेल्या. त्यांच्या जागी इमारती आल्या, खाली जीन्सचे कारखाने, वर घरे. माठवाली बराक तेवढी राहिली. रिक्षावाले तिच्यावरून पत्ता सांगत, लग्नपत्रिकांत तिचा उल्लेख येई. बिल्डर येत राहिले. एक जण नकाशे घेऊन वारंवार आला. दर खेपेस पाणी प्याला, दर खेपेस रिकाम्या हाताने गेला. दादा मला म्हणाले, "त्याचा नुकसान नाही झाला. इतका थंडा पाणी त्याच्या ऑफिसमध्ये नाही."

भाभी गेल्या. मुलगा मोहन कल्याणला स्थिरावला होता. त्याला बराक नको होती आणि बिल्डरला देण्याचीही घाई नव्हती, हा त्याचा मोठेपणा. त्याच सुमारास शहरातल्या काही सुशिक्षितांनी बराक जतन समिती स्थापन केली. हेतू निःसंशय चांगला होता, हे मी आजही मान्य करतो. छावणीच्या काळातली एक तरी बराक राहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आपली बराक समितीला द्यायला दादा एका अटीवर तयार झाले. ते मला म्हणाले, "कायदासाहेब, तुम्ही लिहा. घर त्यांचा, भिंत त्यांची, बोर्डवर नाव कोणाचापण. माठ ओट्यावर. जो येईल त्याला पाणी. विचारायचा नाही काही." मी विचारले, पापडही लिहू का? थोडा विचार करून ते म्हणाले, "पापड नका लिहू. पापडाचा भाव वाढतो. उद्या ते बोलतील पापड परवडत नाही, म्हणून पाणी पण बंद."

मी बक्षीसपत्राचा मसुदा केला. अट अशी होती : 'सदर वास्तूच्या ओट्यावर येणाऱ्या कोणाही व्यक्तीस तिचे नाव, जात, धर्म, पत्ता वा येण्याचे कारण न विचारता प्रथम पिण्याचे पाणी दिले जाईल.' वाक्य लांब आहे. ते लांबच असायला हवे होते.

समितीच्या विधी सल्लागारांना ते पाल्हाळ वाटले. दस्ताची भाषा आटोपशीर हवी, असे म्हणून त्यांनी सुधारित मसुदा आणला. त्यात अट होती : 'वास्तूस भेट देणाऱ्या अभ्यागतांस पिण्याचे पाणी उपलब्ध करून दिले जाईल.' मी तिथेच हरकत घेतली. सल्लागारांनी आपल्या शांत आवाजात मला सांगितले, की अर्थ तोच आहे, शब्द तेवढे वाचवले आहेत. दादांनी आपला चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. तो शब्द त्यांनी दोनदा चाचपडत वाचला आणि मला विचारले, "हा अभागा कोण आहे?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. सल्लागार म्हणाले, "अभागा नाही दादा, अभ्यागत. म्हणजे पाहुणा. तुमच्या दारात येईल तो पाहुणा."

"कोणी पण?"

"कोणी पण."

त्या वेळी ओट्यावर कार्यवाह होते, मोहन होता, सून जया होती आणि मी होतो. मी म्हणालो, मग अभ्यागत या शब्दाची व्याख्या दस्तात घाला, एक ओळ वाढेल. दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या मते एका शिकलेल्या माणसाने त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचे पाणी पिऊन, तोंडाने शब्द दिला होता. त्यावर आणखी ओळ मागणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. दस्तावर सही झाली. हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क दादांनी स्वतःकडे ठेवला होता, म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत काही बदलले नाही.

शेवटच्या वर्षात त्यांची स्मरणशक्ती गेली. आधी बाजार गेला, मग माणसे. गणपतीच्या दिवसांत मी गेलो तेव्हा ते भिंतीवरच्या त्या खाटक्रमांकाखालीच खाटेवर बसले होते. माझ्याकडे पाहून ओळखीचे काहीही चेहऱ्यावर उमटले नाही. जया संकोचून सांगू लागली, "बाबा, हे कायदासाहेब..." त्यांनी हात वर करून तिला थांबवले आणि बोट माठाकडे केले. जयाने पाणी आणले. मी ते सगळे प्यायलो, तहान नसताना. ग्लास खाली ठेवल्यावर त्यांनी विचारले, "नाव काय तुमचा?"

मी नाव सांगितले. मग गाव विचारले, ते सांगितले. वडील काय करत, ते सांगितले. पगार विचारला, निवृत्तिवेतन सांगितले. लग्न झाले का, असे विचारल्यावर मी म्हणालो, झाले दादा, तुम्ही जेवायला होतात. "चांगला झाला," ते म्हणाले. साठ वर्षांहून जास्त ओळख असलेला माणूस मला पुरता विसरला होता, आणि तरीही त्या घरात मला मिळायचे होते ते सगळे मिळाले. परत जाताना वाटेत मला वाईट वाटले नाही, याचे मलाच आश्चर्य वाटले.

ते गेले. पुढचे वर लिहिलेच आहे. पण वैशाखातल्या त्या मंगळवारचे अधिक लिहिले पाहिजे, कारण मी तिथे होतो.

माठ ओट्यावरून हलवल्याबद्दलचे माझे एक पत्र समितीकडे पडून होते, त्याची विचारपूस करायला मी गेलो होतो. जाळीच्या आत सावलीत खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता, साधा, गरीब माणूस. त्याच्याशी माझे भांडण नाही. रस्त्यावरून एक बाई आली. जीन्स शिवून झाल्यावर त्यांचे लोंबते धागे कापायचे काम बायका घरी नेतात, तसा एक मोठा गठ्ठा तिच्या डोक्यावर होता. तिने सवयीने पायरीशी गठ्ठा उतरवला, पदराने तोंड पुसले आणि माठ जिथे असत तिकडे पाहिले. तिथे जाळी होती. तिने पहारेकऱ्याला पाणी मागितले.

तो म्हणाला, आत कूलर आहे, पण आधी वहीत नाव लिहा आणि आधार कार्ड दाखवा, फलकावर लिहिलेय.

"पाण्याला आधार कार्ड?" बाई हसली. "अरे भाऊ, इथे दादा होते ना, ते तर नाव पण नाय विचारायचे."

पहारेकरी म्हणाला, "ताई, माझी नोकरी आहे. दादा गेले."

ती म्हणाली, "ते दिसतंय." पुन्हा गठ्ठा उचलू लागली. गठ्ठा जड होता. मी हात लावला. माझ्याकडच्या पिशवीत बाटली होती, ती मी पुढे केली, तर ती नको म्हणाली. "बाबा, तुमचं तुम्हाला राहू द्या. माझं घर आलंच." मग जाळीकडे मान करून सहज म्हणाली, "मस्त केलंय हां म्युझियम," आणि निघून गेली.

मी घरी येऊन पत्र लिहिले. मी पत्रे लिहितो, ते माझे व्यसन आहे असे घरचे म्हणतात. समितीचे उत्तर आले, विधी सल्लागारांच्या सहीने, अत्यंत सभ्य. त्याचा सारांश असा : समिती बक्षीसपत्रातील अटीचे काटेकोर पालन करीत असून आत शुद्ध व थंड पाण्याचे यंत्र बसवलेले आहे. 'अभ्यागत' याचा प्रचलित प्रशासकीय अर्थ, ज्याची अभ्यागत नोंदवहीत रीतसर नोंद झाली आहे अशी व्यक्ती, असा आहे. नोंद नसलेली व्यक्ती ही अभ्यागत ठरत नाही, सबब तिच्याबाबत समितीवर कोणतेही दायित्व येत नाही.

तीस वर्षे मी कायद्याच्या भाषेवर पोट भरले. तिच्याबद्दल मला आदर आहे. भांडणाऱ्या दोन माणसांना एकाच कागदापुढे बसवण्याची ताकद तिच्यात आहे. म्हणूनच ते पत्र वाचून मला झालेला संताप मी सौम्य शब्दांत मांडू शकत नाही. कोणत्याही चांगल्या कोशात पाहावे. 'अभि' म्हणजे कडे, 'आगत' म्हणजे आलेला. आपल्याकडे आलेला, तो अभ्यागत. त्या शब्दात नाव नाही, पत्ता नाही, वही नाही. येणे एवढीच त्याची पात्रता आहे. कार्यालयांच्या दारांवर 'अभ्यागतांसाठी वेळ' असे लिहून लिहून आपण त्या शब्दाला रांगेत उभे केले. म्हणून तो मुळात रांगेतला होता असे सिद्ध होत नाही. आणि समजा, कोश बाजूला ठेवला, तरी त्या ओट्यावर, चार साक्षीदारांसमोर, दस्त लिहून देणाऱ्याला त्याचा अर्थ सांगितला गेला होता. अर्थ सांगून सही घेतली. सही झाल्यावर, माणूस गेल्यावर, अर्थ बदलला. याला माझ्या व्यवसायात एक शब्द होता, तो मी इथे वापरत नाही.

हितचिंतक मला म्हणतात, बराक वाचली हे काय कमी आहे? कौले जागेवर, भिंतीवरचे क्रमांक काचेमागे सुरक्षित, शाळांच्या सहली येतात. दोन माठांसाठी एवढा पत्रव्यवहार कशाला? त्यांना मी माझ्या वडिलांची हकीकत सांगतो.

वडील घाटावरच्या एका खेड्यातून कारखान्यात कामाला आले होते. धम्मदीक्षा घेऊन काही वर्षे झाली होती. गाव सुटले होते, पण हातांच्या सवयी सुटायला वेळ लागतो. माझ्या शाळेच्या सदऱ्यासाठी कटपीस घ्यायला ते मला घेऊन छावणीत आले. भर दुपार होती. पत्ता विचारायला आम्ही या ओट्याशी थांबलो. तेव्हा टेकचंद पंचविशीचेही नसतील. त्यांनी 'अचो साईं' म्हटले आणि पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले. वडील चटकन मागे सरले, पायरीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी तोंडाजवळ ओंजळ धरली. गावात पाणी असेच मिळे, वरून ओतलेले.

टेकचंदांना ती ओंजळ वाचताच आली नाही. ते क्षणभर पाहत राहिले. त्यांना वाटले, कारखान्यातला माणूस आहे, हात तेलकट असतील, धुवायला पाणी मागतो आहे. त्यांनी हातांवर थोडे पाणी घातले. आत जाऊन साबण आणला. वडील गोंधळून हात धुऊ लागले. टेकचंदांनी आणखी पाणी घातले, पंचा दिला, हात कोरडे करवले आणि मग ग्लास त्या कोरड्या हातात ठेवला. वडील तो नुसताच धरून उभे राहिले. टेकचंद म्हणाले, "पियो साईं, पापड नरम होतो."

घरी आल्यावर वडील आईला हे सांगत होते आणि हसत होते. "अगं, त्याला कळलंच नाही. मी ओंजळ धरली, तर त्यानं मला साबण दिला." आईने विचारले, नाव विचारलं का त्यानं? वडील म्हणाले, "विचारलं की. नंतर. नाव, गाव, पगार, सगळं विचारलं. सगळं ऐकलं, आणि मग दुसरा ग्लास दिला." एवढे बोलून ते हसायचे थांबले आणि बाहेर जाऊन बसले.

पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, मी टेकचंदांना त्या ओंजळीचा अर्थ सांगितला. त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. मग म्हणाले, "मी साबण दिला?" मी म्हणालो, दिला. मग विचारले, "चांगला साबण होता का?"

आता आरोपपत्राकडे येतो. मला जाळी कोणत्या पैशातून बसली याचा हिशेब नको आहे, आणि उद्घाटनाला मला का बोलावले नाही हा माझा प्रश्न नाही. बराक जतन समितीच्या विधी सल्लागारांना माझी एकच जाहीर विचारणा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत, ज्या ओट्यावर त्यांनी दादा टेकचंदांना शब्द दिला त्याच ओट्यावर, जाळी उघडी ठेवून आणि रस्त्यावरच्या कोणालाही ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी सांगावे : त्या दुपारी पायरीशी बसलेले, वहीत नोंद नसलेले, ओळखपत्र नसलेले माझे वडील अभ्यागत होते की नव्हते? होय किंवा नाही, एवढेच उत्तर हवे आहे. ते मला पत्राने पाठवू नये, मी ते स्वीकारणार नाही.